झडतीच्या सकाळी बारावीचा पेपर

बाबा, आज मी विजय नगरात एका व्यापाऱ्याच्या घरी झडतीला गेले होते. तुम्ही आयकर खात्यात इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालात, मी आता पथकाची प्रमुख आहे. दार उघडल्यावर वॉरंट दाखवलं आणि तुम्ही करायचात तसं आधी आमच्याच पर्स-खिशांची झडती त्यांना घ्यायला लावली. घरवाले बघतच राहिले.

नोकरीला लागले तेव्हाचा तो रविवार. स्वयंपाकघरात तुम्ही पोह्यांवर शेव घालताय आणि मी फुशारकी मारतेय, की कुलूप तोडता येतं, तिजोरी सील करता येते, शपथेवर जबाब घेता येतो, आपल्यापुढे कोणाची बिशाद आहे! तुम्ही शेवेचा डबा बंद केलात. म्हणालात, "वॉरंट घराचं असतं. घरातल्यांच्या इज्जतीचं नसतं." मला असा राग आला होता तुमचा. पोहे मात्र सगळे खाल्ले.

आज त्या घरातल्या मुलीचा बारावीचा पेपर होता. झडती संपेपर्यंत कोणाला बाहेर सोडत नाहीत, एवढंच त्यांनी ऐकलेलं. पोरगी गणवेशात जिन्यावर बसून रडतेय, वर्ष गेलं म्हणून, आणि तिचे वडील हात जोडतायत. आमचा नवा इन्स्पेक्टर कानाशी येऊन म्हणाला, मॅडम, बॅगेतून काही निघून गेलं तर जवाब आपल्याला द्यावा लागेल. बात तर सही होती त्याची. पण मुलांचं दप्तर तपासून त्यांना शाळेत जाऊ द्यायचं, हाही नियमच आहे. शेजारच्या दोन पंचांसमोर मी तिची बॅग स्वतः उघडली. कंपास, प्रवेशपत्र, पाण्याची बाटली, सगळं होतं तसं परत ठेवलं आणि म्हटलं, "जा बेटा, टाइम झाला." इतक्या वर्षांत या नोकरीचं इतकं सुख कधी वाटलं नव्हतं.

दारात तिची आजी दही-साखरेची वाटी घेऊन उभी. नातीला भरवून वाटेला लावलं आणि तोच चमचा भरून माझ्यापुढे धरला. "ले बेटा, काम तो तेरा भी है आज।" दुपारी तिच्याच मुलाची तिजोरी मी सील केली, त्यात कसूर नाही. पण झडतीच्या घरचं तुम्ही कधी पाणीसुद्धा घेतलं नाहीत. हे पत्र काही कुठे टाकायचं नाहीये, तेव्हा सांगून टाकते. दही खाल्लं मी, बाबा. चमचाही चाटला.