आवाज उशिरा येऊन राहिला

२६ फेब्रुवारी २०१७, मूर्तिजापूर

आज गयासुद्दीनच्या घरी राहाले आली. महिन्याच्या सुरुवातीले अकोल्याच्या दवाखान्यात छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून खाटेवरच होती. धाकटा भाऊ म्हणे, आपा, दोन महिने आमच्याकडं आराम करा, नाही म्हणू नका. आली मंग. तीस वर्षं मराठी शाळेत पोट्ट्यायले 'मले' नाही 'मला' लिहा म्हणून ओरडली. आता रिटायर झाली, रोजनिशी माही आहे, मी 'मले'च लिहीन.

घर मोठं, हवेशीर आहे. मागं गयासुद्दीनचं बारदान्याचं गोदाम आहे, पण यंदा ते रिकामं. बाजार समितीत तुरीचे ढीग लागले अन् भराले पोतं नाही. लोकं पंधरा पंधरा दिवस ट्रॅक्टरखाली झोपून राहिले. बिचारा भाऊ दिवसभर पोते शोधत फिरते. लुबना, त्याची बायको, मले हातानं पाणीसुद्धा घेऊ देत नाही.

खुशीची गोष्ट म्हणजे त्यानं माह्यासाठी घरात नेट घेतलं. माही एकुलती एक अलीझा हैदराबादले नर्स आहे. ऑपरेशनच्या वेळी तिले सुट्टी मिळाली नाही म्हणे. आज सहा वाजता त्यानं लॅपटॉपवर कॉल जोडून देला. बाप्पा, किती दिवसांनी पाह्यलं पोरीले! चित्र दोनदा अडकलं, पण हसली माही पोरगी. आज झोप चांगली लागणार.

२८ फेब्रुवारी

नेट मोठं रडकं आहे. मी इचारलं जेवली का, तं ती म्हणे अम्मी, लोणचं संपलं. लोणच्याचं बोलली तं म्हणे हो, जेवली. गयासुद्दीननं समजावलं की आवाज उशिरा येऊन राहिला, आपा, स्पीड कमी आहे. मी म्हटलं साधा फोन लाव. तं म्हणे तिची ड्युटी बदलली, तिथं मोबाइल जमा करून घेतात.

ठीक. मंग नेटच दुरुस्त करू. वर्गातलं सगळ्यात ढ पोट्टं मी पाढे म्हणाले लावलं, हा एवढासा डबा काय चीज आहे!

४ मार्च

नेटचा डबा लोखंडी कपाटामागून काढून बैठकीत आणला. वायर काढून घातली. लुबनाचा मोबाइल बंद करून ठेवला. मंग घड्याळ घेऊन बसली. एका सवालाचा जवाब वीस सेकंदांनी आला, दुसऱ्याचा पाचच सेकंदांनी. तिसऱ्याचा तं मी इचाराच्या आधीच आला. हे कसलं गणित?

लुबनाले हाक मारली तं डोळे पुसत होती. कांदा चिरून राहिली म्हणे. ताटात पालक होता.

११ मार्च

लाइनमनले बोलाव म्हटलं की गयासुद्दीन म्हणते उद्या. आठ दिवसांपासून याचा उद्या उजाडून नाही राहिला. मी चिडली, तं त्यानं माहे पाय धरले. एवढ्याशा गोष्टीसाठी पाय कोण धरते? मलेच लाज वाटली.

१७ मार्च

काल लुबनानं अकोल्याले तपासणीले नेलं. गयासुद्दीन घरी थांबला, काम आहे म्हणे. डॉक्टर खूश आहे.

आज अलीझानं पुन्हा तोच पिवळा ड्रेस घातला होता. मी रागावली, पोरी, दुसरा कपडा नाही का? ती हसून म्हणे, बारा वाजले अम्मी, झोपा आता. माह्या घड्याळात सव्वासहा झाले होते.

२१ मार्च

गयासुद्दीन बाजार समितीत होता. खिडकीतून बुधाजी लाइनमन दिसला, मीच हाक मारली. त्यानं वायर पाह्यली, डबा पाह्यला, मोबाइलवर मोजलं. म्हणे बाई, तुमचं नेट घोड्यावानी पळून राहिलं, कुठंच खराबी नाही. दोनदा मोजाले लावलं. तेच.

मंग माह्या पोरीचा आवाज कुठं अडकते?

२२ मार्च

सहा वाजता कॉल लागला. तेच, मधीच अडकणं. मले राग आला. गयासुद्दीन पाणी आणाले गेला तेवढ्यात मी डब्याचं बटनच बंद केलं, म्हटलं पुन्हा चालू करून पाहू.

डब्याचे सगळे दिवे विझले.

अलीझा बोलतच राहिली. हसत होती. म्हणे, अम्मी, लोणचं संपलं.

२३ मार्च, सकाळी

कोणाले काही इचारलं नाही.

दारावर दुर्गाबाई भाजीवाली आली. मेथी देता देता म्हणे, बाई, पोरीच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण तुमच्या भावानं आमच्या घरीबी पाठवलं. तुमी त्या दिवशी अकोल्याले होत्या ते बरंच झालं, तुमच्यानं पाह्यलं नसतं गेलं.

मी इचारलं, कोणाच्या पोरीच्या?

तिच्या हातातली जुडी खाली पडली.

२३ मार्च, दुपारी

पाच फेब्रुवारीले. सुट्टी मिळाली होती तिले. माह्या ऑपरेशनसाठीच येत होती, गाडी उलटली. डॉक्टर म्हणे धक्का देऊ नका. म्हणून माह्या सख्ख्या भावानं तिचे जुने कॉल, जे तिनं माह्यासाठीच रेकॉर्ड करून साठवून ठेवले होते, ते मले रोज दाखवले. नेट खराब आहे म्हणून सांगतलं.

मी दवाखान्यात पडली होती अन् त्याच गावात माह्या पोरीले माती देऊन राहिले होते. मले तिचं तोंड नाही दाखवलं. भाजीवालीले माहीत, गल्लीले माहीत. मायले नाही माहीत.

गयासुद्दीन रडून राहिला, तुमच्या जिवासाठी केलं म्हणे. तुह्यावर माह्यापेक्षा जास्त भरोसा होता रे माहा. दगाबाज. मी माफ नाही करणार.

२५ मार्च

जेवली नाही. त्यानं डबा, वायर, लॅपटॉप, सगळं गोदामात नेऊन टाकलं. आता या घरात नेट नाही.

२६ मार्च, भर दुपारी

मोबाइल वाजला. माहा जुना, बटनांचा. त्याच्यात चित्र येतच नाही —

चित्र आलं. अलीझा. पिवळा ड्रेस नाही. कपाळाले —

अडकत नाही. इचारलं की लगेच जवाब. एवढी साफ लाइन मी कधी —

म्हणते, अम्मी, महिनाभर तुमी कोणाशी बोलून राहिल्या? मी तं नव्हती. मी इकडून रोज हाका मारल्या. तुमी तिच्याशीच हसत होत्या. ही आपली पोरगी नाही, हे तुमाले समजलं नाही कावून?

काय सांगू? लॅपटॉप पाहून पाहून खुश होती मी, हे सांगू? इचाराच्या आधी जवाब आला, तेव्हाच मनात शंका आली होती. तरी रोज सहाची वाट —

मी म्हटलं, बेटा, नेट खराब होतं.

तोंडातून निघून गेलं —

तिनं माह्याकडं पाह्यलं. मी गयासुद्दीनकडं पाह्यलं होतं तसंच. म्हणते, तुमी पण, अम्मी?

फोन बंद होत नाही. बॅटरी काढली तरी —

ती उठली. चित्रात इतक्या जवळ कावून येऊन रा