मुद्द्यावर येण्याचा वर्ग

४ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. बायकोला तर नाहीच.

विद्यापीठात कायमची जागा निघाली आहे. परदेशी विद्यार्थ्यांना शैक्षणिक लेखन शिकवण्याची. म्हणजे गेली सहा वर्षं मी हंगामी म्हणून जे करतोय तेच. दरवर्षी नव्या कराराची वाट बघणं, हे आता संपलं. जाहिरात ही निव्वळ औपचारिकता. विभागप्रमुख बाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, अर्ज नक्की करा. 'नक्की'वर चांगला जोर होता. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, जिना चढताना येतो तसला जोर असेल.

संकल्प: वर्गात फक्त इंग्रजी. कुणाचीही मातृभाषा दाराबाहेर. आवाज चढवायचा नाही. अर्ज याच आठवड्यात. अर्जात आपली शिकवण्याची पद्धत एका पानात मांडायची आहे. एक पान! जगाला लिहायला शिकवतो मी. चहा होईपर्यंत होईल.

६ सप्टेंबर
पहिला तास. खोली तळघरातली. डोक्यावरून पाइप जातो आणि वर कुणी नळ सोडला की माझं वाक्य वाहून जातं. तक्रार केली आहे.

वर्ग बरा आहे. त्यातल्या त्यात लक्षात राहिले ते असे. एक वकीलसाहेब. त्यांच्या देशात वीस वर्षं कोर्टात उभे राहिले, आता नातवंडं खेळवायच्या वयात पदवीला बसलेत. रोज कोट. एक डॉक्टरीण. खेड्यातल्या दवाखान्यात दहा वर्षं काढून आली, सार्वजनिक आरोग्यावर प्रबंध लिहायचाय. आणि मागच्या बाकावर एक मुलगी, जी तोंडच उघडत नाही. तिला मी मनात अबोली म्हणतो.

माझा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला: परिच्छेदाचा मुद्दा पहिल्या वाक्यात. मग नियमामागची भूमिका समजावून सांगितली. तास संपला.

१३ सप्टेंबर
वकीलसाहेबांनी नदीच्या प्रदूषणावर परिच्छेद आणला. सुरुवात नदीला नमस्कार करून. मग त्यांचे आजोबा. मग आजोबांची होडी. मी विचारलं, मुद्दा कुठाय. म्हणाले, येतोय सर, वाटेत आहे. म्हणाले, आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं की उंबऱ्यातच काम सांगत नाहीत, आधी ख्यालीखुशाली विचारतात. मी म्हणालो, शोधनिबंध म्हणजे पाहुणचार नव्हे. त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. माणूस शिकणाऱ्यांतला आहे.

अर्ज: पहिलं वाक्य झालं. खोडलं.

२० सप्टेंबर
डॉक्टरणीचा मसुदा. तिच्या दवाखान्यात एक बाळंतीण दगावली होती, त्यावरून प्रबंधाची सुरुवात. 'मी त्या बाईला दुपारी तपासलं', असं लिहिलंय. मी 'मी' खोडला. सांगितलं, शास्त्रात 'मी' नसतो. 'रुग्णास तपासण्यात आलं', असं लिहा. तिने विचारलं, कुणाकडून? मी म्हणालो, कुणाकडून हे महत्त्वाचं नाही. ती म्हणाली, सर, ती बाई मेली, तपासलं कुणी हे महत्त्वाचं नाही?

मी समासात 'विषयांतर' असं लिहिलं. नाइलाज होता.

हिला जानेवारीत लेखनाची परीक्षा पास व्हावंच लागेल. नाहीतर शिष्यवृत्ती बंद, आणि पहिल्या विमानाने परत. नवरा आणि लहान मुलगी तिकडे वाट बघतायत, त्यांना इकडे आणायचंय. अशा वेळी माझ्यासारखा शिक्षक मिळाला, हे तिचं नशीब.

२ ऑक्टोबर
अर्जाचं जरा लांबलं. मुळात लेखन म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय लेखन शिकवण्याची पद्धत सांगणार कशी? म्हणून शिलालेखांपासून सुरुवात केली. बायकोने खांद्यावरून डोकावून विचारलं, नोकरी दगडावर लिहायची आहे का. दार लावून घेतलं. दार तिनेच पुन्हा उघडलं, कारण कपडे वाळत घालायची जागा या खोलीतच आहे.

९ ऑक्टोबर
शेजारणीने वैताग आणलाय. शेजारीण म्हणजे माझ्या पलीकडच्या टेबलावरची सहकारी. येऊन जेमतेम दोन वर्षं झाली. तिचा वर्ग माझ्या वर्गाच्या भिंतीला लागून. तिथे निव्वळ मासळीबाजार. ती म्हणे मुलांना आधी आपापल्या भाषेत जोडीदाराला सगळं सांगायला लावते, भांडायला लावते, आणि मग इंग्रजीत लिहायला बसवते. जोडीदाराला ती भाषा येत नसली तरी! मी विचारलं, मग त्याला कळतं काय? ती हसून म्हणाली, त्याला नाही, बोलणाऱ्याला कळतं.

याला पद्धत म्हणतात! आणि म्हणे हिनेही अर्ज केलाय. गेल्याच आठवड्यात. एका पानात. घाईचं काम. बिचारी.

१६ ऑक्टोबर
विभागप्रमुख बाईंकडे गोंगाटाची लेखी तक्रार दिली. शांत, नेमकी भाषा. चार पानं.

१८ ऑक्टोबर
तक्रारीची तातडीने दखल! बाई स्वतः शेजारणीच्या वर्गात गेल्या. मी दार किलकिलं ठेवून ऐकत होतो. ओरडा ऐकू येईल असं वाटलं. हसण्याचे आवाज आले. बाई पूर्ण तास बसल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, बरं झालं तुम्ही कळवलंत, नाहीतर मला हे बघायलाच मिळालं नसतं.

म्हणजे माझी निरीक्षणशक्ती त्यांच्या नजरेत भरली.

२५ ऑक्टोबर
आज वर्गात निम्मेच. विचारलं तर कळलं, बाकीचे शेजारणीकडे बसतात. डॉक्टरीणसुद्धा. वकीलसाहेब मात्र आले होते. म्हणाले, सर, तुम्हाला एकटं कसं सोडायचं. मला काही हे वाक्य आवडलं नाही.

डॉक्टरीण नंतर व्हरांड्यात भेटली. तिच्या मार्गदर्शकांनी माझ्या सुधारणांसकट मसुदा परत पाठवलाय. समासात लिहिलंय: रुग्णास कुणी तपासलं? तिने विचारलं, सर, तुम्ही म्हणता 'मी' नको, ते म्हणतात हवा. ऐकू कुणाचं? मी म्हणालो, माझं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टर लोक रिपोर्ट वाचून बघतात, तशी. मग हळूच म्हणाली, सर, माझ्याकडे वेळ नाहीये हो. आणि गेली.

आवाज चढवला नाही. पण घरी आल्यावर कुकरच्या शिट्टीवर चिडलो.

३ नोव्हेंबर
अर्ज अकरा पानांवर गेलाय. त्यातली आठ तरी कापता येण्यासारखी नाहीत. मुदत दहा तारखेची. बायको म्हणाली, मुलांना जे शिकवतोस ते स्वतः करून बघ की एकदा. तिला समजावलं, सर्जन स्वतःचं ऑपरेशन करत नाही.

१० नोव्हेंबर, रात्री
अर्ज गेला!

जरा गडबड झाली. ऑनलाइन फॉर्म एकच पान घेतो. अकरा पानांची फाइल चढवली, त्याने निमूटपणे पहिलं ठेवलं आणि बाकीची टाकून दिली. हे मला 'अर्ज मिळाला' अशी पावती आल्यावर दिसलं. तेव्हा मुदत संपून गेली होती. पहिल्या पानावर शिलालेख आणि प्राचीन लेख कोरलेल्या मातीच्या विटा आहेत. शेवटचं वाक्य 'या पार्श्वभूमीवर माझी अध्यापनपद्धती अशी आहे की' इथे तुटलंय.

हरकत नाही. समितीला उत्सुकता वाटेल. मुलाखतीला बोलावतीलच.

१७ नोव्हेंबर
मुलाखतीआधी बाई वर्ग पाहायला येणार. प्रत्येक उमेदवाराचा एक तास. प्रत्येक म्हणजे मी आणि शेजारीण, असं दिसतंय. वर्गात सगळ्यांना यायची विनंती केली. डॉक्टरणीला मुद्दाम निरोप पाठवला. ती येते म्हणाली. चांगली बाई आहे.

तासाची तालीम आरशासमोर केली. उत्तम झाली.

२३ नोव्हेंबर
तास झाला.

बाई मागे बसल्या होत्या, अबोलीच्या शेजारी. मी विषय मांडायला घेतला: मुद्दा पहिल्या वाक्यात. त्याआधी, मुद्दा ही कल्पना कुठून आली, ते सांगणं भागच होतं. पाइपमधून पाणी गेलं, पण मी न डगमगता बोलत राहिलो. रंगात आलो होतो. आणि अबोलीने हात वर केला. सबंध सहामाहीत पहिल्यांदा! मला भरून आलं. मी म्हणालो, बोला, घाबरू नका.

ती उठून उभी राहिली, आणि तिने मनापासून, अगदी शुद्ध इंग्रजीत विचारलं, सर, आजच्या तासाचा मुद्दा काय आहे?

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वकीलसाहेबांनी मान खाली घातली. मी म्हणालो, उत्तम प्रश्न, तिकडेच येतोय. मग पुढे काय बोललो ते नीट आठवत नाही. घड्याळाने तास संपवला.

जाताना बाईंनी माझ्या दंडाला हात लावला. बायको म्हणते, असा हात लोक दवाखान्यात लावतात. मला तो आपुलकीचा वाटला.

११ डिसेंबर
मुलाखत. पहिलाच प्रश्न: तुमची पद्धत दोन वाक्यांत सांगा. मी पाणी मागितलं. पाणी आलं. त्यात बराच वेळ गेला. एकंदर वातावरण खेळीमेळीचं.

१९ डिसेंबर
कायमची जागा शेजारणीला.

पत्र तीन ओळींचं आहे. माझा सध्याचा करार मेपर्यंत आहे, तो पाळला जाईल. शेजारीण अभिनंदन घ्यायला नाही, मला भेटायलाच आली. म्हणाली, सर, मी इथे आले तेव्हा कुठला प्रिंटर चालतो आणि कुठला नाही, हे तुम्हीच दाखवलं होतं. सहा वर्षांत माझ्याबद्दल कुणी काढलेला हा पहिला चांगला शब्द. प्रिंटरबद्दल.

घरी काय सांगायचं? जेवताना विषय काढला. विद्यापीठांच्या बदलत्या आर्थिक धोरणांपासून सुरुवात केली. बायकोने ताटात भात वाढला आणि म्हणाली, नाही ना मिळाली? मी म्हणालो, तू ऐकून तर घे. ती म्हणाली, ऐकते, जेव आधी. मग खरंच ऐकत बसली. तिचं स्वतःचं ताट तसंच राहिलं. मी बोलता बोलता गप्प झालो. पहिल्यांदाच मला पुढचं वाक्य सुचलं नाही.

१५ जानेवारी
डॉक्टरीण पास. निकाल लागल्या लागल्या सांगायला आली. नवरा आणि मुलगी मार्चमध्ये येणार. प्रबंधात 'मी' ठेवला, असंही सांगितलं. थोडी अवघडून.

मग म्हणाली, सर, तुमच्याकडून एक गोष्ट शिकले. दवाखान्यात मी बायकांना म्हणायचे, नेमकं कुठे दुखतंय तेवढं सांगा, बाकीचं नको. त्या बाकीचंच सांगत बसायच्या आणि मी वैतागायचे. आता प्रबंध संपवून परत गेले की आधी सगळं ऐकून घेणार. ती जी बाळंतीण गेली ना, तीही सासूबद्दल काहीतरी सांगत होती. मी ऐकलं नाही.

म्हणजे माझ्या शिकवण्याचा वैद्यकीय क्षेत्रातही उपयोग होतो आहे. हे इथे नोंदवून ठेवतो. ती गेल्यावर बराच वेळ खुर्चीत बसून होतो. का, ते नोंदवत नाही.

५ फेब्रुवारी
नवी सहामाही. उरलेल्या करारात शेजारणीच्या वर्गात सहायक म्हणून बसायचं आहे.

मी मागच्या बाकावर. विषय दिला गेला: नुकतीच घडलेली एक गोष्ट. आधी शेजाऱ्याला आपल्या भाषेत सांगा, मग लिहा. मी म्हणालो, मी सहायक आहे, मला नको. पण माझ्या शेजारी नेमके वकीलसाहेब. परीक्षेत नापास झाल्याने पुन्हा बसलेत. कोट तोच. त्यांनी खुर्ची वळवली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, सांगा सर, घाई नाही.

सगळीकडे गलका. मला वाटलं, थोडं काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. मराठीत म्हणालो, काही नाही हो, एक नोकरी होती, ती मिळेल असं वाटलं होतं. मग त्याच्या पुढचंही बोललो. मग बरंच बोललो. वर्गात मराठी बोलायची ही माझी पहिलीच वेळ. वकीलसाहेबांना एक अक्षर कळलं नसणार. तरी योग्य जागी मान हलवत होते, आणि एकदा त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, छे छे, सर्दी आहे.

मग लिहायला बसलो. शेजारणीने सगळ्यांचे कागद गोळा केले. माझाही. तासानंतर परत दिला. खाली हिरव्या शाईत एवढंच: छान. आणखी लिहा.

हिरवी शाई डोळ्यांना सुखावह असते म्हणतात, ते खरं आहे.

उद्या अकराला पुन्हा तास. मार्कर आणि डस्टर सहायकाने आधी नेऊन ठेवायचे असतात, असं कळलं. पावणेअकराला निघेन.