डेलमारचा खोकला

डुलुथ, रविवार

चि. डेलमार,

मी खुशाल आहे. तुझ्या गाई कशा आहेत?

आजार निघाला तर कंपनी नाकारेल या भीतीने पूरक विमा हाती पडेपर्यंत डॉक्टरला खोकला दाखवणार नाही म्हणालास, म्हणून मी मेडिकेअरची, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याची, पुस्तिका वाचली. पासष्टीनंतर त्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग सुरू झाला की पुढचे सहा महिने पूरक विमा देताना कंपनीने आजार बघायचाच नाही, असा कायदा आहे! खरं वाटेना, म्हणून विमावालीला फोन केला.

"आजारी माणसं घेऊन तुमचं भागतं कसं?"

"आजी, धडधाकटही याच मुदतीत येतात ना!" ती हसली.

तुझा तो भाग गेल्याच महिन्यात सुरू झालाय. आजच अर्ज कर आणि उद्या डॉक्टरकडे जा. तुझे दाजी गेले त्याआधी ऑरिनचा खोकलाही आम्ही साधाच समजलो होतो.

तुझी थोरली बहीण,
आयडेला