चार वेळा वाजलं की

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढाच). तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला थांबला का? मी मजेत आहे. म्हणजे बायको जाऊन नऊ महिने झालेला माणूस जितका मजेत असतो तितका. दर पत्रात तू लिहितेस की एकटा राहू नकोस, इकडे ये. पुन्हा एकदा सांगतो, मी येणार नाही. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला स्वतःचं घर चालवता येतं. तो विषय बंद.

आता झाला प्रकार मीच सांगतो, दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून तुझ्या कानावर घालण्याआधी. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी हिने एक पांढरी डबी लावून घेतली होती, आठवते? गॅस नीट जळला नाही की एक विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास. तो घरात साठला की ही डबी बोंब मारते. (घरात बोंब मारायला आणखी एक कशाला, असं मी तेव्हा म्हणालो होतो. ही हसली नव्हती.) मध्यंतरी ती डबी मिनिटाला एकदा पिक् करायची. मी बॅटरी बदलली, गप्प झाली. गेल्या सोमवारी सकाळी अंघोळ करून बाहेर येतो तर पुन्हा सुरू. मी पुन्हा नवी बॅटरी घातली, पण या खेपेला ती काही ऐकेना. दुसरा कुणी असता तर उपटून फेकून मोकळा झाला असता. पण बिघडलेलं यंत्र समोर असताना गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. खुर्ची ओढून तिच्याखालीच बसलो आणि सेकंदकाट्याचं घड्याळ हातात घेऊन मोजायला लागलो. चार वेळा पिक्, पाच सेकंद शांत, पुन्हा चार. रस्त्याच्या गोंगाटाने मोजणं चुकू नये म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या. चांगला तासभर बसलो, वहीत ओळीने वेळा लिहिल्या. काय सांगू ताई, अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही! इतकं चोख चालणारं यंत्र बिघडलेलं कसं, हे मला उमगेना. डोकं ठणकत होतं, पण ते पंधरा दिवस ठणकतच होतं. मळमळतही होतं. मला वाटलं, दुःख असंच असतं, नऊ महिन्यांनी पोटात उतरलं असेल. खरं सांगायचं तर त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या नर्सबाई दार बडवायला लागल्या. त्यांना भिंतीपलीकडून आवाज ऐकू गेला होता. उठायला गेलो तर पाय माझे नव्हतेच. कसंबसं दार उघडलं आणि त्यांच्यापुढे वही धरली. त्यांनी वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझं बखोट धरून जिना उतरवला आणि बनियन-पायजम्यात, सगळ्या गल्लीदेखत, समोरच्या पायरीवर नेऊन बसवलं. निदान खिडक्या उघडून आणि चपला घालून येतो म्हटलं, तर म्हणाल्या, "काका, आत पाऊल टाकलंत तर तंगडं मोडीन." (नऊ महिन्यांत माझ्याशी इतकं आपुलकीने कुणी बोललं नव्हतं.) मग बंबवाले आले, गॅसवाला आला. न्हाणीघरातल्या गॅस गीझरचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीत पाखरांनी घरटं केलं होतं. मी रोज अंघोळ करत होतो आणि तो वायू घरातच मुरत होता. मला दवाखान्यात नेऊन तोंडावर मास्क लावला, दिवसभर ऑक्सिजन दिला. संध्याकाळपर्यंत डोक्याचा ठणका उतरला. दुःख मात्र होतं तिथेच आहे, म्हणजे ते वेगळं होतं.

तर काळजीचं काही कारण नाही. नळी साफ झाली, गॅसवाल्याने तपासून दिली, मगच मी घरात गेलो. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : गॅसवाल्याने डबीचं माहितीपत्रक मागितलं. मी जन्मात असलं काही वाचलेलं नाही, ते खातं हिचं. सगळी माहितीपत्रकं ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. ती गेल्यापासून त्या डब्याला मी हात लावला नव्हता. परवा उघडला. एकदा वाजलं तर बॅटरी, चार वेळा वाजलं तर वायू, ताबडतोब घराबाहेर पडा, असं ठळक छापलेलं आहे. त्याच्याखाली हिने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "आधी ह्यांना बाहेर काढणे. हे उघडून बघत बसतील."

ता. क. २ : तुमची मागची खोली अजून रिकामी आहे का? माझी घड्याळं फार आवाज करतात, ती आणणार नाही. डबी तेवढी आणतो, तुझ्या स्वयंपाकघराबाहेर लावू. चार वेळा वाजलं, की आधी मला बाहेर काढ.