जॅकवर आवळलेली दांडी

धाकट्या, तुझी पाठ कशी आहे? तुझ्या मंडळींचा खोकला गेला का? लेकीला नवा चष्मा मानवला का? (बायकांची पत्रं चालू आहेत म्हणून एवढं तरी कळतं.) इकडे हिचे गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे. माझी लेक चिमणी आता गॅरेज सांभाळते आणि मलाही. माझं विचारशील, तर डॉक्टर हल्ली बोलण्याआधी खुर्ची जवळ ओढून बसतात. काय ते समज. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण बॉनेटखाली, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवतो की:

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते हिचं; हिच्यामागे चिमणीचं.

२. टायरवाल्याशी असलेलं माझं वैर कोणाच्याही नावे करत नाही. ते माझ्याबरोबर जाईल. चिमणीने त्याच्याशी गोड राहावं. चाकं सरळ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

३. गॅरेज निम्मं चिमणीचं, निम्मं माझ्या धाकट्या भावाचं. याचं कारण लिहिणं भाग आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः नळी कापून एक दांडी बनवली. बॉनेटखाली पुढच्या दोन शॉकअपची डोकी एकमेकांना बांधणारी. तिने गाडी वळणावर डुलत नाही, असं त्याचं म्हणणं. मी ती आमचे जुने गिऱ्हाईक असलेल्या मास्तरांच्या गाडीला लावली. गाडी एका बाजूला ओढू लागली, वळताना कुरकुरली. मास्तरांसमोरच मी म्हणालो, "लंगड्या घोड्याला झूल घातलीस."

"दादा, लावली कशी ते तरी सांग."

"मला शिकवू नकोस."

त्याने पान्यांची पेटी उचलली आणि गॅरेज सोडलं. ती आजतागायत परत आली नाही.

गेल्या महिन्यात चिमणीला तीच दांडी माळ्यावर सापडली. आमच्या जुन्या गाडीला लावायला निघाली. मी म्हटलं, जॅकवर चढव आणि घट्ट आवळ. तिने पाना खाली ठेवला.

"बाबा, तेव्हाही जॅकवरच आवळली होती?"

"मग काय गाडी झोपवून?"

"गाडी आपल्या चाकांवर उभी हवी. चाकं लटकत असताना आवळायची, म्हणजे माणूस वाकलेला असताना त्याचा पट्टा बांधायचा."

तिने गाडी खाली घेऊन आवळली. मीच चालवली. गोदामापुढच्या वळणावर गाडीचं नाक गप्प राहिलं. नव्या गाडीत मात्र चिमणीने दुसरी एक दांडी मला न सांगता चार वेळा लावली-काढली. दांडी आहे की नाही ते मी चालवून ओळखायचं; मी दोनदा चुकलो. म्हणजे धाकट्या, तुझं निम्मं, जुन्या गाडीपुरतं, खरं होतं. पण चूक माझ्या पान्याची, आणि बोल लावला तुला.

४. मास्तरांच्या घरी जाऊन हे सांगून आलो. ते म्हणाले, "एवढंच होतं, तर इतकी वर्षं कशाला?"

५. दांडी जुन्या गाडीलाच राहावी. कोणी काढू नये.

साक्षीदार:
शेजारचा वेल्डर (साक्षीदाराला वाटणीत काही मिळत नाही हे कळल्यावर याने दोन कप चहा वसूल केला)
समोरचे शिंपीकाका

सही: तुझा दादा
ठिकाण: गॅरेजची मागची खोली
दिनांक: १४ मार्च

ता. क. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचं असतं, असं वकिलाने बजावलं आहे. तरी नक्कल तुला आत्ताच पाठवतो. निम्मं गॅरेज मी गेल्यावर तुझं होईलच, पण तू मला डोळ्यांदेखत तिथे हवा आहेस. राग असेल तर शिव्या लिही, चालेल. फक्त पत्र लवकर टाक.