मार्चपर्यंतची सफरचंदं

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
थंडी आली एकदाची. सकाळी रोहिणीबरोबर मार्केट. सफरचंदांच्या दोन पेट्या, पेअरची एक. मी म्हटलं, दोघींना किती लागणार? तर म्हणे, "घे गं, मार्चपर्यंत पुरतील." दुपारभर दोघींनी बाल्कनीत बसून एकेक फळ कागदात गुंडाळलं, न धुता, देठासकट. पेअर लांबच्या कोपऱ्यात. सफरचंदाशेजारी लगेच मऊ पडतात. आखातात येऊन खैतान भागात घेतलेल्या या फ्लॅटला एवढं एक सुख, बाल्कनीत ऊन येत नाही.

१२ डिसें., शुक्र.
पेट्या तपासल्या. काही पेअर मऊ. साखर घालून शिजवले, रो.ने पोळीशी खाल्ले. मी सहज म्हटलं, आयर्लंडला नोकरीवर गेलो की दोघींना घरभर थंडीच थंडी, पेट्या कुठेही ठेवा. हसली नाही. फोन आला म्हणून आत गेली. हल्ली दार लावून बोलते. घरचं काही असेल. विचारलं नाही.

९ जाने., शुक्र.
बिल्डिंगचा हारिस, म्हणजे इथला वॉचमन, जिन्यात भेटला. "सिस्टर, फरवरी से दूसरा कमरा किसको देना है?"
कौनसा कमरा?
तो गोंधळला. "रोहिणी सिस्टर जा रहा है ना?"
वर आले. ती ड्यूटीवर. चहा केला, तसाच ओतून दिला.

संध्याकाळी विचारलं. खरं आहे. आयर्लंड. तिथल्या नर्सिंगची परीक्षा ऑक्टोबरात दिली, एकटीने. आणि सप्टेंबरात मला काय म्हणाली होती? "या वर्षी नको गं, तुझी तयारी कच्ची आहे. पुढच्या वर्षी दोघी मिळून बसू." तिच्या शब्दावर मी अभ्यास गुंडाळून ठेवला.
"सांगणारच होते."
"कधी? विमानातून?"
"तू नापास झाली असतीस तर मला एकटीला जाववलं नसतं."
हे काय उत्तर झालं? म्हणजे मला बसूच दिलं नाही, कारण

१६ जाने., शुक्र.
वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना. काल इनचार्जने केक आणला, रो.बरोबर सुरी धरायला मलाच पुढे केलं. फोटोत हसले आहे मी.

पेट्या आता एकटीच बघते. तिने गुंडाळलेली लगेच ओळखू येतात, कागदाची टोकं आत खोचते. तिचं एकही खराब नाही. गेली ती सगळी माझी. इतका संताप आला. ती दारात येऊन उभी. "मी करू का?"
"हात लावू नकोस."
दुसरी पेटी हिनेच घ्यायला लावली. तेव्हा हिचं सगळं ठरलेलं होतं. मार्च म्हणाली. माझ्या तोंडावर मार्च म्हणाली.

२३ जाने., शुक्र.
बाहेर धुळीचं वादळ. सांगलीहून आईचा फोन. "रोहिणी बरी आहे ना?" म्हटलं, बरी आहे.
बॅगा हॉलमध्ये. सकाळी तिने परीक्षेची सगळी पुस्तकं माझ्या पलंगावर आणून ठेवली, नोट्ससकट. उचलून तिच्या दाराशी ठेवली. दुपारी बघते तर परत पलंगावर.
जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "मंगळवारी एअरपोर्टला येशील?"
मी पोळी मोडत राहिले.
मंगळवारी मला ऑफ आहे. तिला ठाऊक आहे ते.