तुडुमाची ओवाळणी

बेलटोला,
कार्तिक शुद्ध ५, सन १९३८

चि. सौ. शामकला हीस अनुसयाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुमच्याकडची खुशाली दोन ओळींत का होईना, पण लगेच कळव. सेवकराम भाऊबीज आटोपून त्याच दिवशी परत निघाला. रात्र राहा म्हणून मी दोनदा म्हटलं, पण त्याने बंडी जुंपली ती जुंपलीच. अर्जुनीपर्यंतची वाट, दिवस आता लहान झालेला. नीट पोचला की नाही या काळजीत माझे तीन दिवस गेले.

तुझ्या करंज्या पोचल्या. या खाणीतून काढल्या का, असं धाकट्याने विचारलं. मी त्याला रागावले, पण दुसरी खाताना माझीही दाढ हलली. तुपात हात आखडू नकोस ग.

सेवकरामने उन्हाळाभर इथे राहून आमच्या तलावाचं पाणी सोडायचं तुडुम नव्याने बांधलं, ते पाहायला अजून लोक येतात. जुन्या तुडुमातून पाणी झिरपून माघातच निम्मा तलाव रिकामा होई. यंदा आश्विनात उघडलं तेव्हा हवं तेवढंच पाणी बाहेर आलं, आणि बंद केल्यावर दगडाखाली ओलसुद्धा दिसेना. शेतातल्या अगदी शेवटच्या बांधीत धान उभं आहे.

मजुरी दिवाळीला द्यायचं बोलणं होतं, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल मनात काही आणू नकोस. त्या दिवशी यांनी थट्टेत काही म्हटलं, ते सेवकरामने मनाला लावून घेतलं असेल. पुरुषांचं पुरुष पाहून घेतील. तो पानावरून लवकर उठला, वाढलेलं वरण तसंच राहिलं, एवढं मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. त्याचं पोट तर दुखत नाही ना, ते लिही.

माया आहे तितकी राहू दे, याहून जास्त काय मागू.

तुझी,
अनुसयाबाई


अर्जुनी,
कार्तिक शुद्ध १०

ती. सौ. बाईंस शामकलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र भेटलं. तुमचे भाऊ त्याच रात्री सुखरूप पोचले. पोट चांगलं आहे. करंज्यांचं म्हणाल तं पुढच्या साली संगं वरवंटाही धाडीन.

बाई, मी चौथी शिकलेली. मले तुमच्यासारखं गोड लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहिते.

आल्यापासून हे बोलूनच नाही राहिले. दुसऱ्या दिवशी बकाराम आला. दगड फोडायले तोच यांच्या संगं दोन महिने तुमच्या गावी उन्हात होता, त्याची मजुरी यांनी द्यायची होती. घरात काहीच नव्हतं. हे उठले, गोठ्यात गेले, आपली दुभती गाय सोडली अन दोर बकारामच्या हाती दिला. मी मागं धावले, तं त्यानं काम केलं आहे एवढंच म्हणे. आता पोरं सकाळी सवयीनं दुधाचा गंज घेऊन गोठ्यात जातात अन तसेच परत येतात.

यांच्या भाटव्यांनी, म्हंजे तुमच्या मालकांनी, पैसे काऊन नाही दिले, हे यांनी सांगतलं नाही. मी बकारामले विचारलं. भाऊबीजेले तो यांच्या संगं आला होता, तुमच्या ओसरीखाली बसून होता. तो म्हणे, भाटव्यांनी गावच्या लोकांसमोर सांगतलं की लेकीच्या घरचं माहेरची माणसं पाणीसुद्धा घेत नाहीत, मजुरी कायले घेतील. तुडुम हीच यंदाची बाईची ओवाळणी. लोकं वा वा म्हणे. बकाराम मले म्हणे की तुह्या नवऱ्याची ओवाळणी समजली, पण मी काही बाईचा भाऊ नाही, माहा घाम त्या ताटात काऊन पडला? मी काय सांगू त्याले?

अन मग तो म्हणे की भाटव्यांनी तुमालेच विचारलं, पटते का म्हणून, अन तुम्ही हो म्हटलं. मी त्याले खोटारडा म्हटलं. त्याच्या बायकोसमोर म्हटलं. संध्याकाळी यांना विचारलं, तं यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

भाटव्यांचं मी विचारत नाही. तुमचं विचारते. तुम्ही हो म्हटलं का?

लहान आहो. कमी-जास्त लिहिलं असेल तं पोटात घाला.

तुमची,
शामकला


बेलटोला,
कार्तिक शुद्ध १४

चि. सौ. शामकला हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिला. देण्याचा माझा अधिकार राहिला का, ते तूच ठरव.

हो. मी हो म्हटलं. बकाराम खोटं बोलला नाही, त्याची माफी माग. आणि आधीचं माझं पत्र फाडून टाक. थट्टेत काही म्हटलं, असं मी त्यात लिहिलं आहे. ती थट्टा नव्हती, हे लिहितानाही मला माहीत होतं.

सेवकराम पाटावर बसला होता. ओवाळून झालं, ताट माझ्या हातात. त्याने रुपया काढायला खिशात हात घातला, तो हात यांनी हसत हसत धरला आणि ते बोलणं केलं. मग माझ्याकडे वळून विचारलं. ओसरीवरची सगळी माणसं माझ्याकडे पाहू लागली, सेवकरामही. नाही म्हटलं तर चारचौघांत यांचं तोंड खाली जाईल, असं मला वाटलं. आता हो म्हणावं, मागून समजवावं, सकाळपर्यंत पैसे निघतील, एवढाच माझा विचार होता. तीस वर्षं या घरात मी असंच करत आले ग. समोर हो म्हणायचं आणि मागून मन वळवायचं. मुलांची शाळाही अशीच मिळवली. मला ती हुशारी वाटायची.

त्या रात्री मी विषय काढला. हे म्हणाले की निकाल तुझ्याच तोंडून झाला, आता मी पैसे दिले तर लोक तुलाच खोटी म्हणतील. म्हणजे सेवकरामची मजुरी बुडाली ती माझ्या शब्दाने.

आणि बकाराम. उन्हाळाभर रोज दुपारी मी त्याला ताक दिलं. त्या घटकेला त्याचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुझ्या पत्रातली ती ओळ वाचून मी चुलीपुढे बसून राहिले, भात करपला तरी उठवेना.

माझ्या पाटल्या मोडून पैसे पाठवावे असं मनात आलं होतं. पण तसं केलं तर यांचंच खरं ठरेल, की ही भावाबहिणीची आपसातली बाब आहे. काम तलावाच्या मालकाने करवून घेतलं, मजुरी त्यानेच द्यायला हवी. ती त्याच्याकडून कशी निघेल, ते मला अजून कळलेलं नाही.

सेवकरामला हे पत्र वाचून दाखव. मला त्याला लिहिण्याचं धाडस होत नाही.

रागावलीस तरी लिहिणं सोडू नकोस.

अनुसयाबाई


अर्जुनी,
कार्तिक वद्य ५

ती. सौ. बाईस सेवकरामचा सा. न. वि. वि.

काल तुमच्या घरचा गडी शालीकराम मजुरी देऊन गेला. माझी आणि बकारामची, पूर्ण आहे. मी घेतली. मी परत करीन असं तुला वाटत असेल तर नाही करणार. काम माझं होतं.

शालीकरामने सगळं सांगितलं. शेवटचं पाणी कोणाला कधी द्यायचं, हे ठरवायला कास्तकार तलावाच्या बांधावर, पाळीवर जमले होते. बायका तिथे जात नाहीत, तू गेलीस. भाटवे लोकांना तुडुम दाखवून सांगत होते की साळ्याने बहिणीच्या मायेने बांधलं. तेव्हा तू म्हणालीस की मायेने नाही, मजुरीने बांधलं, ती मजुरी दिलेली नाही, आणि भाऊबीजेला मी खोटं हो म्हटलं. मग परसराम म्हातारा म्हणाला की त्याला चार बहिणी आहेत, हा रिवाज पडला तर तो मरेपर्यंत तलावच खोदून राहील. लोक हसले ते थांबेचनात. भाटव्यांना शिवी चालते, हसणं चालत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच शालीकराम वाटेला लागला.

बकारामला पैसे द्यायला गेलो, तर तो गाय सोडू लागला. त्याची लहान पोरगी गायीच्या मानेला बिलगून उभी होती. पैसे देऊन, गाय तिथेच ठेवून परत आलो. आता दुसरी गाय पाहतो आहे. शामकला म्हणते, या वेळी लाथ मारणारी पाहा, म्हणजे कोणाला देता येणार नाही.

बाई, माझंही एक ऐक. भाटव्यांनी हात धरला तेव्हा मला तिथेच म्हणता आलं असतं की ओवाळणी वेगळी आणि मजुरी वेगळी. माझ्या तोंडून निघालं नाही. दहा माणसांत आपला पैसा मागायची मला लाज वाटली, म्हणून मी तुझ्याकडे पाहिलं. माझं बोलणं तू बोलावं, असं वाटलं. ज्या ज्या गावी तलाव बांधले, तिथे तिथे मजुरीच्या वेळी मी असाच दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत आलो. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही हो म्हटलं असतं. राग नाही. पण त्या पाटावर बसायला इतक्यात मन होणार नाही. बोलावू नको.

धाकटा आहे, दूर लोटू नये.

सेवकराम


बेलटोला,
माघ वद्य २, सन १९३९

चि. सेवकराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बोलावू नको असं तू लिहिलंस, म्हणून जवळजवळ तीन महिने मी गप्प होते. आजही भाऊ म्हणून बोलावत नाही.

पाळीवरून परतल्यावर हे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी ते मुलांच्या तोंडून मागत. नवऱ्याला चव्हाट्यावर आणलं, असं विहिरीवर बायका म्हणतात. ते खोटं नाही. त्याची लाज वेगळी आहे, तीही मला आहे.

परवा हे आपणहून चुलीपाशी आले. तलावाचा सांडवा एका अंगाने खचला आहे, पावसाळ्याआधी बांधला नाही तर पाळ फुटेल. तिरोड्याचा एक मिस्त्री पाहून गेला, पण यांच्या मनास आला नाही. तुझ्या भावाला लिही, म्हणाले. मी म्हटलं, आधी मजुरी सांगा. यांनी सांगितली. मी म्हटलं, बकारामची वेगळी सांगा, आणि निम्मी आधी. यावर हे कितीतरी वेळ लाकडं पुढेमागे करत बसले. मग म्हणाले की तू तर पक्की ठेकेदारीण झालीस, आणि पैसे आणायला उठले.

तर काम असं. सांडवा दगडी बांधायचा, जेठ महिन्याच्या आत पुरा करायचा. तुला रोज बारा आणे, बकारामला आठ, जेवण वेगळं. महिन्याभराचं काम धरून निम्मी मजुरी या पत्रासोबत शालीकरामच्या हाती दिली आहे. यायचं नसेल तर पैसे त्याच्याच हाती परत पाठव, कारण लिहू नकोस. दुसरा माणूस पाहू. तू नाही म्हणालास तर मला वाईट वाटेल, पण तो विचार तू करू नकोस. आलास तर मुक्काम कुठे करायचा, तेही तूच ठरव. तलावाजवळची खोपडी शाकारून ठेवली आहे.

सही करताना यांनी विचारलं की खाली तुझं नाव कशाला. मी म्हटलं, साक्ष म्हणून. मागच्या वेळीही साक्ष माझीच होती.

केशोराव (सही)

साक्ष : अनुसया